अमेरिकन उथळ, ब्रिटिश आखडू : हा स्वभाव म्हणायचा की व्यवस्था?

सह्यकडा

ब्रिटिशांच्या मते अमेरिकन म्हणजे मोठ्याने बोलणारे, वरवर गोड आणि चहातलं काही न कळणारे. अमेरिकनांच्या मते ब्रिटिश आखडू, चिक्कू, बेचव खाणारे. माझं म्हणणं असं की यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ स्वभावात नाही. ते वेतनाच्या कायद्यात, मापांत आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये सापडतं.

चहाचंच घ्या. ब्रिटनमध्ये 230 व्होल्ट वीज आणि प्लगमध्ये 13 अँपियरचा फ्यूज, त्यामुळे तीन किलोवॅटची किटली आरामात चालते. अमेरिकेत साधं सॉकेट 120 व्होल्टचं, आणि तिथली किटली साधारण दीड किलोवॅटची. एक लिटर पाण्याला ब्रिटनमध्ये दोन-सव्वादोन मिनिटं लागत असतील, तर अमेरिकेत चार-साडेचार. शिवाय अमेरिकेत बहुतेक चहा बर्फ घालून पितात, त्यामुळे घरोघरी किटली असण्याचं कारणच उरत नाही. मग एका कपासाठी मायक्रोवेव्ह वापरला जातो. त्यात कप वरून कढत आणि खाली कोमट राहतो. काळ्या चहाला खळखळतं पाणी लागतं. ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर पिशवी बुडवली की रंग येतो पण चहाचा कस उतरत नाही. त्या फिक्या कपाकडे बघून ब्रिटिश माणूस अख्ख्या देशाची चव ठरवतो.

आता चिक्कूपणा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी 2.13 डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा 1991 पासून हललेला नाही. टिप धरून ताशी 7.25 डॉलर हे किमान वेतन भरलं नाही तर फरक मालकाने द्यायचा. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मात्र पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. ब्रिटनमध्ये 2009 पासून टिप किमान वेतनात धरताच येत नाही.

समजा न्यूयॉर्कला मेन्यूप्रमाणे 60 डॉलरचं जेवण झालं. मेन्यूतल्या किमतीत कर नसतो. तो साधारण नऊ टक्के धरला तर बिल 65.40 होतं. ब्रिटिश पाहुणा करालाच सेवा शुल्क समजतो, कारण त्याच्या देशात व्हॅट किमतीतच असतो आणि खाली वेगळी ओळ दिसते ती सेवा शुल्काची. तो 70 डॉलर ठेवून समाधानाने उठतो. वेटरच्या लेखी 60 वर 18 टक्के म्हणजे 10.80 अपेक्षित होते, मिळाले 4.60. त्यातूनही अनेक ठिकाणी बारवाल्याला आणि टेबलं आवरणाऱ्याला विक्रीच्या प्रमाणात वाटा द्यावा लागतो. आपण कोणाचा हक्क बुडवला हे पाहुण्याच्या गावीही नसतं.

उलट बाजूने, लंडनच्या बिलात बहुधा 12.5 टक्के सेवा शुल्क आधीच लावलेलं असतं, आणि अमेरिकन त्यावर आणखी 20 टक्के ठेवतो. मग तो पैशाचा तोरा मिरवणारा ठरतो. हिशेबातली चूक माणसाच्या माथी मारणं मला अन्यायाचं वाटतं.

उंबरठा

टिपेचा मुद्दा मान्य. पण सगळंच कायद्यावर आणि व्होल्टेजवर ढकलता येणार नाही. बोलण्याची रीत ही खरीखुरी वेगळी गोष्ट आहे, आणि ती न समजल्याची किंमत माणसांनी मोजली आहे.

कोरियन युद्धातली इमजिन नदीची लढाई, 22 ते 25 एप्रिल 1951. ब्रिटिश 29 व्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर ब्रॉडी यांनी वरच्या अमेरिकन सेनापतीला, जनरल सूल यांना, कळवलं की परिस्थिती 'अ बिट स्टिकी' आहे, म्हणजे 'जरा अवघड'. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या तोंडी त्याचा अर्थ 'आम्ही संकटात आहोत' असा होतो. अमेरिकन कानाला तो 'कठीण आहे, पण निभावतंय' असा ऐकू आला. ब्रिगेडमधली ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची बटालियन 235 क्रमांकाच्या टेकडीवर चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडली. पाचशेहून जास्त जण कैद झाले, जेमतेम चाळीसेक निसटले.

ही सवय नीट शिकायला हवी. ब्रिटिश माणूस 'नॉट बॅड' म्हणाला तर काम चांगलं झालेलं असतं. 'विथ रिस्पेक्ट' म्हणून सुरुवात केली की पुढे विरोध येणार. 'आय विल बेअर इट इन माइंड' म्हणजे सूचना बहुधा सोडून दिली. अमेरिकन माणूस हे तिन्ही शब्दशः घेतो आणि पुढच्या आठवड्यात विचारतो, 'मग आपण ते कधी सुरू करतोय?' तिथून ब्रिटिश दुटप्पी आणि अमेरिकन मंद, अशा दोन्ही समजुती एकदमच जन्माला येतात.

सह्यकडा

@उंबरठा, इमजिनचं उदाहरण नेहमी दिलं जातं, पण सगळा भार दोन शब्दांवर टाकू नका. 24 एप्रिलला फिलिपिन्सची तुकडी रणगाडे घेऊन टेकडीकडे निघाली होती. अरुंद वाटेत पुढचाच रणगाडा निकामी झाला आणि मागच्यांचा रस्ता अडला. चिनी सैन्याचं संख्याबळही प्रचंड होतं. शब्दांनी घात केला असेल, पण खिंडीनेही केला.

उंबरठा

खिंड नाकारत नाही. पण मदत पाठवायची की माघारीचा हुकूम द्यायचा, हे आधी ठरतं ते निरोपावरून. ज्या निरोपाचे दोन अर्थ निघतात त्याच्यावर माणसांचे जीव टांगून ठेवणं हीच माझी तक्रार आहे.

शब्दवेडा

तुम्ही दोघंही स्वभाव आणि व्यवस्था यांच्यात अडकलात. मधला थर राहिला, तो शब्दकोशाचा. 'टेबल' हे क्रियापद बघा. ब्रिटिश अर्थ : विषय चर्चेला घेणे. अमेरिकन अर्थ : विषय बाजूला ठेवणे. चर्चिल यांनी आपल्या युद्धस्मरणांत नोंदवलं आहे की एक कागद 'टेबल' करण्यावरून दोन्ही सैन्यांच्या अधिकाऱ्यांत बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, आणि शेवटी कळलं की दोघांनाही तीच गोष्ट हवी होती. आपल्या विधानसभेत अहवाल 'पटलावर ठेवतात' तो ब्रिटिश अर्थ. त्यामुळे अमेरिकन ग्राहकाला 'वी विल टेबल धिस' असं लिहिणाऱ्या पुण्यातल्या माणसाचाही इथेच पाय घसरतो.

'क्वाइट' तर त्याहून फसवा. 'क्वाइट गुड' म्हणजे अमेरिकेत 'खूपच चांगलं', ब्रिटनमध्ये 'बरं आहे'. पण 'क्वाइट ब्रिलियंट' म्हटलं तर ब्रिटनमध्येही पूर्ण कौतुकच. ज्या विशेषणाला कमी-जास्त करता येतं तिथे 'क्वाइट' पाणी घालतो. जे आधीच टोकाचं असतं तिथे जोर देतो. हे एकदा लक्षात आलं की अर्धे गैरसमज ईमेल उघडतानाच टळतात.

मापांत दुसरी गंमत नाही, निव्वळ घोळ आहे. ब्रिटिश गॅलन 4.546 लिटर, अमेरिकन 3.785. ब्रिटिश जाहिरातीत गाडी गॅलनला 40 मैल देते असं वाचून अमेरिकन थक्क होतो, पण त्याच्या गॅलनमध्ये ते 33 च होतात. पाइंट 568 मिलिलिटर विरुद्ध 473, म्हणून अमेरिकेत ब्रिटिश माणसाला वाटतं की बिअर कमी भरली. 

आणि फुटबॉलला 'सॉकर' म्हणणं हा अमेरिकन अडाणीपणा आहे असं म्हणणाऱ्या ब्रिटिशांना सांगायला हवं की तो शब्द इंग्लंडमध्येच घडला. 'असोसिएशन फुटबॉल' मधल्या 'असोसिएशन'चा मधला तुकडा घेऊन विद्यार्थ्यांनी त्याला 'अर' जोडला, जसा रग्बीचा 'रगर' केला. 

माजघर

बेचव जेवणाबद्दल कोणी बोललं नाही. ही समजूत पक्की व्हायला एक काळ कारणीभूत आहे. 1942 पासून अमेरिकन सैनिक लाखोंनी ब्रिटनमध्ये उतरले, तेव्हा तिथे रेशनिंग होतं. जानेवारी 1940 ला सुरू झालेलं ते जुलै 1954 ला संपलं. मोठ्या माणसाला आठवड्याला एक अंडं, दोन औंस म्हणजे 57 ग्रॅम चहा, आणि साधारण आठ औंस साखर. अंड्याची भुकटी, बटाटा, कोबी यांवर भागवणाऱ्या घरात जेवून गेलेला सैनिक परत जाऊन काय सांगणार? त्याने पाहिलं ते खरंच होतं, पण ती टंचाई होती. तिलाच पाककला समजणं चूक आहे.

ब्रिटिशांचे दात खराब, ही अमेरिकनांची आणखी एक समजूत तर आकड्यांनीच खोडली. 2015 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इंग्लंड आणि अमेरिकेतल्या प्रौढांची तुलना छापून आली. पडलेल्या दातांची माणशी सरासरी अमेरिकेत 7.31, इंग्लंडमध्ये 6.97. अमेरिकेत सरळ आणि पांढऱ्या दातांवर खर्च जास्त होतो, म्हणून हसू चकाकतं. चकाकी आणि आरोग्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी घंटा

मला या सगळ्या चर्चेचा पायाच खटकतो. 'ब्रिटिश' म्हणून तुम्ही जो माणूस रंगवताय तो दक्षिण इंग्लंडचा, सुशिक्षित, वरच्या थरातला आहे. ग्लासगोत किंवा लिव्हरपूलला बसथांब्यावर अनोळखी माणूस आपणहून गप्पा सुरू करतो. लंडनच्या भुयारी रेल्वेत कोणी नजर वर करत नाही. अमेरिकेतही तेच. न्यूयॉर्कचा माणूस तोंडावर नाही म्हणतो. मिनेसोटाचा 'दॅट्स डिफरंट' म्हणाला, तर त्याला ते आवडलेलं नाही, आणि हे सांगायची त्याची रीत कुठल्याही ब्रिटिश अधिकाऱ्याइतकीच आडवळणाची आहे. ब्रॉडी यांची भाषा ही अधिकारीवर्गाची भाषा होती, देशाची नव्हती.

उंबरठा

@तिसरी घंटा, हा मुद्दा मला घ्यावा लागेल. पण एक गोष्ट दोन्ही देशांत बरीच सर्वत्र दिसते. ब्रिटनमध्ये 'यू ऑल राइट?' हा निव्वळ नमस्कार आहे, उत्तर तेच परत म्हणायचं. अमेरिकन माणूस थबकतो, कारण त्याच्याकडे हा प्रश्न कोणी पडलं किंवा रडलं तर विचारतात. उलट अमेरिकन दुकानदार 'हाउ आर यू टुडे?' म्हणतो तेव्हा ब्रिटिशाला वाटतं, याला माझ्याशी काय देणंघेणं, हा खोटं बोलतोय. दोन्ही वाक्यं नमस्काराचीच, पण दुसऱ्याच्या नमस्काराला प्रत्येकजण प्रश्न समजतो.

सह्यकडा

हे मान्य, आणि इथे ना कायदा ना व्होल्टेज. माझी मांडणी एवढ्यापुरती मागे घेतो. टिपेवर मात्र ठाम आहे : बिल आलं की अमेरिकेत कराची ओळ सोडून वरच्या आकड्यावर 18 ते 20 टक्के काढा, ब्रिटनमध्ये आधी 'सर्व्हिस' ही ओळ शोधा, आणि ती दिसली तर वर काही ठेवू नका.