शब्दचर्चा : बँक ‘बुडाली’ की ‘बुडवली’?

प्रश्न

२०१९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधली मराठी वर्तमानपत्रं एका कामासाठी चाळतो आहे. २१ सप्टेंबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. २३ तारखेला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेबाबतचा, म्हणजे पीएमसीबाबतचा, पैसे काढण्यावर मर्यादा घालणारा आदेश काढला आणि २१ ऑक्टोबरला मतदान झालं. या महिन्याभरात एकाच प्रकरणाला कुठे घोटाळा म्हटलंय, कुठे गैरव्यवहार, कुठे अपहार, अफरातफर, तर कुठे आर्थिक अनियमितता. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि ‘बँक बुडाली’ असं पहिल्याच दिवशी म्हणणं कितपत बरोबर?

प्रतिसाद

चालत नाहीत. निवडणुकीच्या दिवसांत ते सर्रास चालवले जातात, त्यामुळे ही चर्चा व्हायलाच हवी होती.

‘अपहार’ सगळ्यांत नेमका. विश्वासाने ज्याच्या ताब्यात पैसे दिले त्यानेच ते हडप केले की अपहार. ‘अफरातफर’ हिशेबाच्या वहीत होते. रक्कम इकडची तिकडे दाखवायची, नसलेलं असलेलं भासवायचं. पीएमसीच्या तक्रारीतला आरोप असा होता की एचडीआयएल या बांधकाम समूहाची ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती तयार केली गेली. कर्ज सुमारे साडेसहा हजार कोटींचं, म्हणजे बँकेच्या एकूण कर्जवाटपाच्या जवळजवळ तीन चतुर्थांश. तरीही मार्च २०१९ च्या ताळेबंदात अनुत्पादक, म्हणजे हप्ते थकलेल्या, कर्जाचं एकूण प्रमाण चार टक्क्यांच्या आतच होतं. याला अफरातफर हाच शब्द चपखल बसतो. जाता जाता, हिंदीत हाच शब्द ‘अफरा-तफरी’ होतो आणि त्याचा अर्थ धावपळ, घबराट. त्या आठवड्यात हिंदी वाहिन्यांवर शाखांबाहेरच्या ‘अफरा-तफरी’ची बातमी ऐकणाऱ्या मराठी माणसाने काय अर्थ घ्यावा? दोन्ही अर्थ खरेच होते म्हणा, एक दाराबाहेर आणि दुसरा दाराआड.

‘अनियमितता’ हा कार्यालयीन टिप्पणीतला शब्द. एखादं विवरणपत्र उशिरा भरलं तरी अनियमितता आणि हजारो कोटी दडवले तरी अनियमितताच. गंभीर प्रकरणात तो वापरला की मला तरी कोणाला तरी सांभाळून घेतल्यासारखं वाटतं.

राहिला ‘घोटाळा’. याचा जुना अर्थ गोंधळ, गुंता. ‘नावात घोटाळा झाला’, ‘तारखांचा घोटाळा आहे’ असं आपण अजूनही म्हणतो आणि त्यात कोणी चोर असतोच असं नाही. आज मात्र घोटाळा म्हटलं की पुढे कोटींचा आकडा आणि मागे पुढाऱ्याचं नाव हवंच. पीएमसीचा आदेश निघाला त्याच आठवड्यात सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, राज्य सहकारी बँकेच्या, म्हणजे शिखर बँकेच्या, कर्जवाटपावरून गुन्हा नोंदवला. त्यात शरद पवारांचं नाव आलं. आपण स्वतःच २७ सप्टेंबरला ईडीच्या कार्यालयात जातो, असं त्यांनी जाहीर केलं आणि सगळं राजकारण त्या तारखेभोवती फिरलं. दोन्ही प्रकरणांना शब्द एकच, ‘बँक घोटाळा’. प्रत्यक्षात एक होती जिल्हा बँका आणि साखर कारखान्यांना कर्ज देणारी शिखर संस्था. दुसरी होती साधारण ११,६०० कोटींच्या ठेवी सांभाळणारी नागरी बँक, जिच्यात लोकांचे पगार, पेन्शनी, सोसायट्यांचे देखभाल निधी होते. पहिल्या प्रकरणात प्रश्न होता संचालकांच्या निर्णयांचा. दुसऱ्यात लोकांना उद्या दूधवाल्याचं बिल कशातून द्यायचं ते कळत नव्हतं. भाषणांत दोन्हींची एकच मोळी बांधली गेली आणि दुसऱ्या प्रकरणातली निकड तिच्यात दबली.

आता बुडणं आणि बुडवणं. या जोडीचा आपल्या भाषेतला व्याप फार मोठा आहे. शाळा बुडते, रोज बुडतो, महसूल बुडतो. शाळा बुडवतात, कर बुडवतात, कर्जही बुडवतात. पहिल्या रूपात कर्ता विचारायची सोय नाही, दुसऱ्यात विचारावाच लागतो. म्हणून सत्तेतला माणूस ‘बँक अडचणीत आली’, ‘बँक बुडाली’ म्हणतो आणि विरोधातला ‘बँक बुडवली’ म्हणतो. सत्ता बदलली की क्रियापदंही बाकांची अदलाबदल करतात. १० ऑक्टोबरला अर्थमंत्री निर्मला सीतारामन मुंबईत भाजपच्या कार्यालयात आल्या, तेव्हा ठेवीदारांनी त्यांना गाठलं. नियमन रिझर्व्ह बँकेकडे असल्याने अर्थ मंत्रालयाचा यात थेट संबंध नाही, गरज पडली तर कायद्यात बदल करू, असं त्यांनी सांगितलं. कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य होतं. पीएमसी बहुराज्य सहकारी बँक, म्हणजे नोंदणी केंद्रीय निबंधकाकडे आणि बँकिंगवर देखरेख रिझर्व्ह बँकेची. पण समोरच्या माणसाला ‘बुडवली कोणी’ याचं उत्तर हवं होतं आणि हातात पडलं ते ‘आमच्याकडे नाही’.

पहिल्या दिवशी ‘बुडाली’ म्हणावं का? नाही. परवाना शाबूत होता, बँक अवसायनात, म्हणजे कायमची बंद करून हिशेब मिटवायला, निघालेली नव्हती. बुडणं म्हणजे तळ गाठणं आणि त्या दिवशी तळ किती खोल आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

प्रतिसाद

मी सहकारी पतसंस्थेत काम करते, म्हणून काउंटरच्या या बाजूने थोडी भर घालते.

त्या दिवसांत आमच्याकडे येणारे लोक ‘बुडाले’ म्हणत नव्हते. ‘अडकले’ म्हणत होते. ‘माझ्या बहिणीचे पीएमसीत अडकलेत, तुमच्याकडचे नाही ना अडकणार?’ अडकलेली वस्तू ओढून काढता येते, बुडालेलीसाठी हात सोडावे लागतात. एक आजोबा तर मुदत ठेवीची पावती समोर ठेवून मला सांगत होते, ‘बुडाले म्हणू नका हो, पोरी. सणासुदीचं तोंडातून वाईट काढू नये.’ पावतीची घडी उघडून उघडून दुमडीवर फाटायला आली होती.

मला खटकतो तो ‘निर्बंध’ हा शब्द. ‘रिझर्व्ह बँकेने बँकेवर निर्बंध घातले’ हे वाक्य बरोबरच आहे. नवं कर्ज देऊ नये, नव्या ठेवी घेऊ नयेत, हे बँकेवरचे निर्बंध. पण त्याच आदेशात सहा महिन्यांत एका खात्यातून एक हजार रुपयांपेक्षा जास्त काढता येणार नाहीत, असंही होतं. तो निर्बंध कोणावर? पैसे ज्याचे, त्याच्यावर. मथळ्यात मात्र तो माणूस कुठेच नसतो. ‘ठेवीदारांना सहा महिन्यांत फक्त हजार रुपये’ असा मथळा ज्यांनी दिला त्यांनी खरी बातमी दिली.

आणि ‘दिलासा’! २६ सप्टेंबरला मर्यादा दहा हजार झाली, ३ ऑक्टोबरला पंचवीस हजार आणि १४ ऑक्टोबरला, मतदानाला आठवडा उरला असताना, चाळीस हजार. प्रत्येक वेळी ‘ठेवीदारांना दिलासा’. दिलासा शोकात असलेल्या माणसाला दिला जातो, तो देणारा मोठा आणि घेणारा उपकृत. स्वतःच्याच पैशातले चाळीस हजार मिळाले तर त्यात उपकार कसले? ‘मर्यादा वाढवली’ एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं. या शब्दाचा मला आजही राग येतो.

ठेवीदाराला ‘गुंतवणूकदार’ म्हणणंही बंद व्हायला हवं. गुंतवणूकदार जोखीम पत्करून पैसा लावतो, ठेवीदार नुसता ठेवतो. नावातच आहे ते. एकदा गुंतवणूकदार म्हटलं की ‘जोखीम होतीच की’ म्हणायला रस्ता मोकळा. ठेवीवर विमा होता, पण १९९३ पासून त्याची मर्यादा एक लाखावर थांबलेली. ती पाच लाख झाली ४ फेब्रुवारी २०२० ला, निवडणूक आटोपल्यावर.

प्रतिसाद

थोडक्यात लिहितो. थकीत, अनुत्पादक, बुडीत, निर्लेखित आणि माफ हे पाच शब्दही वेगळे ठेवा. हप्ता चुकला की कर्ज थकीत. साधारणपणे नव्वद दिवस थकलं की अनुत्पादक, बँकेत ज्याला सगळे एनपीएच म्हणतात. वसुलीची आशा संपली की बुडीत. ताळेबंदातून काढून टाकलं तर निर्लेखित, आणि त्याची वसुली कायद्याने पुढे चालूच असते. माफ म्हणजे देणंच संपलं. प्रचारात निर्लेखनाला बिनदिक्कत ‘उद्योगपतींना कर्जमाफी’ म्हणतात. निर्लेखित कर्जातून प्रत्यक्ष वसुली किती होते हा प्रश्न विचारलाच पाहिजे, पण शब्द चुकला की बँकेच्या प्रवक्त्याला त्या चुकीवर बोट ठेवून मूळ प्रश्नातून निसटता येतं.

शेतकरी चळवळीने ‘कर्जमाफी’ऐवजी ‘कर्जमुक्ती’ हा शब्द लावून धरला, कारण माफी गुन्हेगाराला असते. त्याच निवडणुकीनंतर आलेल्या सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये योजना जाहीर केली, तिच्या नावात ‘कर्जमुक्ती’च आहे.

मूळ प्रश्नकर्ता

तिघांचेही आभार. २४ सप्टेंबरच्या नोंदीत आता ‘बुडाली’ नाही, ‘पैसे काढण्यावर मर्यादा’ असं लिहितो. बनावट खात्यांसाठी ‘अफरातफरीचा आरोप’. ‘दिलासा’ जिथे छापून आलाय तिथे अवतरणात ठेवतो.

एक नोंद अजून अडली आहे. २५ जानेवारी २०२२ ला पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची रक्कम विम्यातून आणि त्यावरची टप्प्याटप्प्याने, काहींना दहा वर्षांपर्यंत थांबून. तेव्हा ‘बँक वाचली’, ‘ठेवी वाचल्या’ असंही म्हटलं गेलं. ज्याची रक्कम दहा वर्षांनी हातात येणार, त्याच्या ठेवीला ‘वाचली’ म्हणावं की अजूनही ‘अडकलेली’च? पतसंस्थेतल्या ताईंना विचारतो, काउंटरवर याला काय म्हणतात?