हँडल पुसूनही घरभर उलट्या कशा पसरल्या

बी-३०२: एक विचारायचं होतं. आमच्याकडे गेल्या आठवड्यात आधी धाकटीला उलट्या झाल्या, दोन दिवसांनी मला, मग सासूबाईंना. मी पहिल्या दिवसापासून सॅनिटायझर घेऊन दाराची हँडलं, नळ, फ्लशचं बटण सगळं पुसत होते तरी एकेक करून सगळेच आडवे पडलो. नेमकं चुकलं कुठे?

ए-१०४: अरे बापरे. आता कशा आहेत सासूबाई?

बी-३०२: बऱ्या आहेत, कालपासून उठून बसतायत

सी-२०१: ताई मी बरीच वर्षं लॅबमध्ये काम केलंय म्हणून सांगते. असं घरभर पसरणारं उलटी-जुलाबाचं दुखणं बऱ्याचदा नोरोव्हायरसचं असतं, तुमच्याकडे तेच होतं का ते तपासल्याशिवाय मी म्हणणार नाही. पण फ्लू, करोनाच्या व्हायरसला बाहेरून चरबीचं आवरण असतं, अल्कोहोलने ते विरघळलं की व्हायरस संपला. नोरोला ते आवरणच नाही, त्यामुळे सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही. तिथे ब्लीच लागतं आणि हात साबणानेच धुवायचे, २० सेकंद तरी, चोळून धुतले की तो पाण्याबरोबर निघून जातो

सी-४०३: ब्लीच म्हणजे टॉयलेटला टाकतो तेच ना? आमच्याकडे अर्धी बाटली आहे

सी-२०१: नाही काका थांबा, आधी बाटलीवरचं वाचा. सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल तरच ते ब्लीच. टॉयलेट क्लीनरमध्ये बऱ्याचदा ॲसिड असतं आणि ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन गॅस होतो, बंद बाथरूममध्ये जीव घुसमटतो. एकावर एक सुद्धा ओतू नका प्लीज. अमोनियाच्या लिक्विडबरोबरही नको

सी-४०३: बरं झालं विचारलं. मग प्रमाण काय घ्यायचं

सी-२०१: बाटलीवर ५ टक्के असेल तर १ लिटर पाण्याला २० मिली, हँडल नळ वगैरेला तेवढं पुरतं. उलटी जिथे झाली त्या फरशीला स्ट्राँग, १ भाग ब्लीच ९ भाग पाणी. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, त्या दिवशीचं त्याच दिवशी संपवा कारण पातळ केलेलं ठेवलं की जोर कमी होतो. आणि बी-३०२ ताई, तुम्ही पुसलं की लगेच कोरड्या फडक्याने टिपत होतात का?

बी-३०२: हो, डाग राहू नयेत म्हणून

सी-२०१: तिथेच चूक होते बघा सगळ्यांची. आधी साबणपाण्याने मळ काढायचा, कारण मळावर औषध मारलं तर ते मळातच अडकतं, मग औषध लावायचं आणि ते ओलं राहू द्यायचं, बाटलीवर जितकी मिनिटं लिहिलीत तितकी, काहींवर १० मिनिटं सुद्धा असतात. शेवटी स्टीलचं असेल तर साध्या पाण्याने पुसून घ्या, ब्लीचने स्टील खराब होतं

ए-१०४: पण रोज एवढं कोण करणार? २०२० मध्ये आपण पार्सल पण धुवत होतो, प्लास्टिकवर व्हायरस ७२ तास राहतो वाचून

सी-२०१: रोज नकोच ना दादा! ते ७२ तास प्रयोगशाळेतले होते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितलं की वस्तूला हात लागून करोना होण्याची शक्यता साधारण १० हजारात १ पेक्षाही कमी. घरात कुणी आजारी नसेल तर साबणपाण्याचं फडकं बास, ब्लीच फक्त आजारपणात. त्यापेक्षा बाहेरून आल्यावर आणि टॉयलेटनंतर हात धुण्याकडे लक्ष द्या, आपला हात दिवसभर नकळत तोंडाला जातच असतो

बी-३०२: टीव्हीचा रिमोट तर मी पुसलाच नव्हता 😟 धाकटी आजारी असताना दिवसभर तिच्याच हातात होता

सी-२०१: रिमोट, मोबाईल, स्विच, फ्रिजचं हँडल हेच राहून जातं सगळ्यांकडून. सेल काढा, फडकं पिळून घ्या, स्प्रे थेट मारू नका. स्विचला तर कधीच नाही, मेन बंद करून पुसा. मोबाईलला ७० टक्के अल्कोहोलचं वाइप चालतं, फोन बंद करून

ए-१०४: लिफ्टच्या बटणांचं काय? सकाळी बघितलं तर ज्या फडक्याने जिन्याचा कठडा आणि खालचं कॉमन टॉयलेट पुसतात तेच फडकं लिफ्टमध्ये

सी-२०१: हे मात्र लगेच थांबवायला हवं. त्यात पुसणाऱ्या मावशींची चूक नाही, आपण त्यांना एकच फडकं देतो. टॉयलेटचं वेगळ्या रंगाचं हवं आणि ते सगळ्यात शेवटी, आधी लिफ्ट मग कठडा. मावशींना हातमोजे पण द्यायला हवेत

सी-४०३: माझ्याकडे नवीन फडकी आहेत, निळी आणि लाल. संध्याकाळी खाली ठेवतो

बी-३०२: मी हातमोजे देते काका. आणि मावशींशी मीच बोलते, उद्या सकाळी त्या पहिल्यांदा आमच्याच मजल्यावर येतात