मदत हवी आहे: वन (ONE) या डीटीएन सिम्युलेटरमध्ये कंट्रोल लिंकवरूनच बंडल (म्हणजे डेटाचे मेसेज) निघतायत

मंडळी, कुणीतरी जरा डोकं लावा, तीन आठवडे इथेच अडकलेय. माझं आधीचं काम ऑप्टिकल बर्स्ट स्विचिंगवर (ओबीएस, फायबरमधून डेटाचे गठ्ठे म्हणजे बर्स्ट पाठवायची पद्धत), आता गाइडच्या सांगण्यावरून गाड्यांच्या डीटीएनकडे (डिले टॉलरंट नेटवर्क, सलग जोडणी नसली तरी मेसेज साठवून भेटेल त्याच्याकडे पुढे देणारं), म्हणजे व्हीडीटीएनकडे वळलेय. ओबीएसमध्ये कंट्रोल पॅकेट वेगळ्या वेव्हलेंथवरून पुढे जातं, वाटेतल्या नोडना सांगतं की मागून एवढा बर्स्ट येतोय, जागा धरा, आणि ऑफसेट टाइम संपला की बर्स्ट सुटतो. तेच इथे गाड्यांवर बसवलंय, कंट्रोल लिंक लांबची पण सावकाश, डेटा लिंक जवळची पण वेगवान. (फरक एवढाच की ओबीएसमध्ये वाटेत बफर जवळपास नसतोच आणि इथे सगळा खेळच बफरमध्ये माल घेऊन हिंडायचा. असो.)

सेटिंग असं आहे: प्रत्येक गाडीला दोन इंटरफेस, कंट्रोल 100 मीटर आणि सेकंदाला 25 केबी, डेटा 30 मीटर आणि सेकंदाला 250 केबी. मेसेज 500 केबी ते 1 एमबी, राउटर बायनरी स्प्रे अँड वेट (मेसेजच्या ठरावीक कॉपी भेटेल त्याला निम्म्या-निम्म्या वाटणारा), 6 कॉपी. कंट्रोल लिंक लावल्यावर डिलिव्हरी वाढेल असं वाटलं होतं, ती उलट आपटली. बफर वाढवला, टीटीएल (मेसेजचं आयुष्य) वाढवला, ढिम्म फरक नाही. मेसेज स्टॅट्स रिपोर्टमध्ये स्टार्टेड (सुरू झालेले) भरपूर, रिलेड (पूर्ण पोचलेले) अगदी थोडे, बाकी सगळे अबॉर्टेड (अर्धवट तुटलेले).

मग वहीत मांडून बघितलं. समोरासमोरून दोन गाड्या, दोघी ताशी 50 किमी, म्हणजे एकमेकींकडे सेकंदाला साधारण 27.8 मीटरने येतायत. डेटा लिंक 60 मीटरभर (जवळ येताना 30, लांब जाताना 30), म्हणजे जेमतेम 2.16 सेकंद, त्यात फार तर 540 केबी जाणार, म्हणजे छोटे मेसेज काठावर पास. पण कंट्रोल लिंक त्याच्या अडीच सेकंद आधीच जुळते आणि राउटर बंडल तिच्यावरच ढकलायला लागतो, ती एकूण 7.2 सेकंद टिकते, त्यात 180 केबी जातात आणि मेसेज अर्धवट मरतो. मधल्या काळात डेटा लिंक येऊन निघूनही जाते, राउटर बिझी!

राउटरला ही लिंक बंडलसाठी नाही हे सांगायचं कुठे? सेटिंग्ज फाइलमध्ये काही सापडलं नाही.

प्रतिसाद: निदान बरोबर आहे तुमचं. होस्ट (सिम्युलेटरमधली गाडी) सगळ्या इंटरफेसची कनेक्शन्स एकत्रच राउटरला देतो आणि एकही ट्रान्सफर चालू असलं की राउटर दुसरं सुरू करत नाही. स्प्रे अँड वेटच्या कोडचा सबक्लास करा, त्यात गेट कनेक्शन्स (कनेक्शन्सची यादी देणारं फंक्शन) ओव्हरराइड करून कंट्रोलवाली कनेक्शन्स गाळा, बिझी आहे का ही तपासणीही त्याच यादीवर चालते त्यामुळे एका दगडात दोन पक्षी. कंट्रोलची माहिती चेंज्ड कनेक्शनमध्ये (कनेक्शन जुळलं-तुटलं की चालणारं फंक्शन) घ्या, जागा, वेग, बफर, त्यावरून भेट किती टिकेल ते काढा आणि तेवढ्यात मावणारेच मेसेज पाठवा. त्यात मूळ फंक्शनला सुपर कॉल करायला विसरू नका. सिम्युलेटरमधल्याच प्रॉफेट (PRoPHET) राउटरचा कोड बघा, तोही कनेक्शन जुळलं की समोरच्याचं टेबल थेट वाचतो. फक्त हे वाचन फुकटात होतं, बाइट मोजले जात नाहीत, ते पेपरमध्ये लिहा नाहीतर रिव्ह्यूअर धरतील.

मूळ धागाकर्ती: गाळून रन टाकला, अबॉर्टेड एकदम खाली आले! उरलेत ते बहुतेक 540 केबीच्या वरचे, ते मेसेज तोडून पाठवायचे की सोडून द्यायचे यावर आता गाइडशी भांडण.