इलेक्ट्रिक फोर बाय फोर: बंद पडली तरी ओढता येईल अशी कुणी बनवेल का?

चोरलकाठ (लोकमान्य नगर, इंदूर)

15 ऑगस्ट 2023 ला केपटाऊनमध्ये महिंद्रानं थार.ई ही इलेक्ट्रिक नमुना-गाडी दाखवली, तेव्हापासून आमच्या रविवारच्या मंडळीत हाच विषय आहे. जून 2025 मध्ये टाटांची हॅरियर ईव्ही दोन मोटरी घेऊन आली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महिंद्राची व्हिजन टी ही आणखी एक नमुना-गाडी दिसली. म्हणजे खरीखुरी इलेक्ट्रिक ऑफ-रोड गाडी आता लांब नाही. कुणाला सहाशे किलोमीटर रेंज हवी, कुणाला मोठी स्क्रीन. माझ्या यादीत पहिल्या नंबरला एक साधी गोष्ट आहे: गाडीतली वीज पूर्ण गेली तरी हातानं ती न्यूट्रलमध्ये टाकता आली पाहिजे आणि हँडब्रेक सोडवता आला पाहिजे.

कारण सांगतो. गेल्या पावसाळ्यात मी आणि धाकटा भाऊ सिमरोल घाट उतरून चोरलच्या बाजूला गेलो होतो. मुख्य रस्ता सोडून दोनेक किलोमीटर आत, काळ्या मातीची वाट. गाडी इलेक्ट्रिक, कंपनीचं नाव घेत नाही. मोठ्या बॅटरीत 64 टक्के चार्ज. तासभर थांबलो, परत येऊन बसलो तर स्क्रीन काळी. ज्या छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर सगळे कॉम्प्युटर चालतात, ती बसली होती. ती बसली की मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे स्विच, जुळत नाहीत. 64 टक्के असून नसल्यासारखे.

हेल्पलाइन म्हणाली, फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) पाठवतो, पण डांबरी रस्त्यापर्यंतच. गावातला ट्रॅक्टर आणला, दोर बांधला. गाडी पार्कमध्ये अडकलेली, हँडब्रेक बटणाचा. मागची दोन्ही चाकं जागची हलेनात. ट्रॅक्टरनं जोर लावला तशी ती चिखलात नांगरासारखी रुतत गेली, मागे वीतभर खोल दोन चर पडले. ट्रॅक्टरवाले दादा उतरून चाकाला हात लावून म्हणाले, "भैया, ये तो घूम ही नहीं रहा, खींचूँ कैसे?" ढग भरून आले होते. वरच्या अंगाला पाऊस पडला तर तिथला नाला किती लवकर भरतो ते आम्ही जाणतो.

जुन्या जिप्सीत गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक खाली, दोर बांधा आणि चला. तेवढं तरी नव्या गाडीत असावं की नाही?

पिथमपूर_दुसरीपाळी

दादा, त्रास झाला ते पटतं, पण उपाय पटत नाही. ट्रॅक्टरची बॅटरी 12 व्होल्टचीच असते. जंप केबल लावली असती तर गाडी दोन मिनिटांत जागी झाली असती. केबल जवळ नव्हती हा गाडीचा दोष कसा?

आणि हातानं न्यूट्रल करून इलेक्ट्रिक गाडी ओढणं दिसतं तितकं निरुपद्रवी नाही. आजच्या बहुतेक मोटरींत कायमचे चुंबक असतात. चाकं फिरली की मोटर जनरेटर होते, ती वीज इन्व्हर्टरकडे, म्हणजे मोटरला वीज पुरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सकडे, जाते आणि ते बिघडू शकतं. म्हणून कंपन्या चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका म्हणतात.

ऑफ-रोडिंगला खरी गरज लो रेंजची आहे, म्हणजे वेग कमी करून चाकाचा जोर वाढवणाऱ्या जादा गिअरची. लोक म्हणतात, इलेक्ट्रिक मोटरला शून्यापासून टॉर्क असतो, मग लो रेंज कशाला? टॉर्क असतो हे बरोबर. पण दगडावर चाक टेकवून गाडी जवळजवळ उभी धरली की मोटर फिरत नाही आणि करंट मात्र भरपूर जातो, तोही ठरावीक वाइंडिंगमधून आणि इन्व्हर्टरच्या ठरावीक स्विचांमधून. उष्णता एकाच जागी साठते. मग सॉफ्टवेअर पॉवर कमी करतं, तेही नेमकं चढाच्या मध्यावर. थारच्या लो रेंजचं प्रमाण 2.48 आहे. मर्सिडीजनं चार मोटरींची जी 580 बनवली, तिच्यातही प्रत्येक मोटरला स्वतंत्र दोन गतींचा गिअरबॉक्स आणि 2 पट लो रेंज ठेवली आहे. चार मोटरी असूनही त्यांना ती लागली. आपल्या तीस लाखांच्या गाडीला लागणार नाही असं कोण म्हणेल?

चोरलकाठ

केबलचं मान्य. शेवटी सुटलो ते तसेच. भाऊ दोन किलोमीटर चालत गेला, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानातून केबल घेऊन आला, दीड तास गेला. आता गाडीत केबल कायम असते.

पण त्या दिवशी बिघाड 12 व्होल्टचा होता म्हणून केबल चालली. कंट्रोलर गेला असता, वायरिंगमध्ये पाणी गेलं असतं, तर जंप देऊन काय होणार होतं? मोटर जनरेटर होते म्हणता, तर मोटर आणि चाक यांच्यामध्ये वेगळं करणारा एक यांत्रिक खटका द्या. तुम्हाला लो रेंज हवीच आहे, त्या गिअरबॉक्समध्ये एक न्यूट्रल जागा बसवा आणि तिला तारेनं ओढायचा दांडा द्या. पाचशे मीटर, चालण्याच्या वेगानं, डांबरी रस्त्यापर्यंत. एवढंच मागतोय. इंदूर ते भोपाळ ओढून न्यायची नाहीये.

पिथमपूर_दुसरीपाळी

लो रेंजमधलाच न्यूट्रल असेल तर मात्र विचार करण्यासारखं आहे. जुन्या फोर बाय फोरच्या ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरबॉक्समध्ये) ती जागा असायचीच. हँडब्रेकचं मात्र जपून. उतारावर कुणी चुकून दांडा ओढला तर अडीच टन लोखंड घरंगळत जाईल. तो दांडा झाकणाखाली आणि पान्यानंच उघडेल असा हवा.

रामबागची_मोठी

तुम्हा सगळ्यांना स्क्रीन म्हणजे शहरी चोचले वाटतात, म्हणून मुद्दाम लिहिते. मी पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. आम्ही दोघी बहिणी जानापावला, मांडूला, जाम गेटला आपल्या आपण जातो. तुमच्या मंडळीत चौघं खाली उतरून "डावीकडे, अजून डावीकडे, बस" असं ओरडणारे असतात. आमच्याबरोबर तसं कुणी नसतं. बोनेटखालची जमीन कॅमेऱ्यात दिसते ती सोय हॅरियर ईव्हीत चालवून पाहिली. पुढचं चाक दगडाच्या नेमकं कुठल्या कडेवर आहे हे मला पहिल्यांदाच स्वतःला कळलं. शेजारी बसलेल्या माणसाला विचारावं लागलं नाही.

तेव्हा माझ्या यादीत कॅमेरा पहिला. आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर पाणी मारणारी पिचकारी दुसरी, कारण पहिल्याच डबक्यानंतर चित्र मातकट होतं. ही साधी गोष्ट कंपनीला का सुचत नाही, कळत नाही.

महूचे_काका

ताई, तुमचा मुद्दा योग्य. पण कॅमेऱ्याच्या जोडीला बटणंही हवीत. चिखलाचा हात, गाडी हिंदकळतेय आणि स्क्रीनवर तीन पानं उलटून डिफरेन्शियल लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) शोधायचा, हे होत नाही. मी तीस वर्षं फौजेच्या गाड्या दुरुस्त केल्या. जोंगा, जिप्सी सगळ्या. जी गोष्ट घाईत लागते तिला स्वतःचं बटण, न बघता हाताला लागेल अशा जागी.

आता माझं म्हणणं. तुम्ही सगळे गाडीत भर घालायच्या गोष्टी करताय. मी कमी करायची करतो. जिप्सी टनाच्या आसपास होती. आजची जिम्नी बाराशे किलोच्या आसपास. जी 580 तीन टनांच्या वर आहे, अमेरिकेतली हमर ईव्ही चार टनांच्या. आपली काळी माती काय असते ते जुलैत या आणि बघा. वरून कडक दिसते, चाक गेलं की लोणी. त्या मातीला तुमचे स्क्रीनवरचे चिखल-वाळूचे मोड समजत नाहीत, तिला वजन समजतं. मला छोटी बॅटरी द्या, दीडशे किलोमीटर खरीखुरी जाईल अशी, अरुंद टायर, आणि वजन पंधराशे किलोच्या आत. पाचशे किलोमीटर जाऊन इथे जायचंय कुठे? जाम गेट माझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

मंडलेश्वर_शेती

काका, तुमच्या घरापासून अर्धा तास, माझ्या घरापासून पूर्ण घाट. मी निमाडात राहतो, बाजारहाट, दवाखाना, मुलीचं कॉलेज सगळं इंदूरला. घाट चढायचा म्हटलं की बॅटरी किती खाणार याची धास्ती असते. दीडशे किलोमीटरची गाडी मला नको.

पिथमपूर_दुसरीपाळी

घाटाची धास्ती जरा जास्तच आहे, हिशेब करून पाहा. अडीच टनांची गाडी समजा चारशे मीटर उंच चढवायची. नुसत्या उंचीसाठी पावणेतीन युनिट लागतात. इतर नुकसान धरून साडेतीन म्हणा. साठ युनिटच्या बॅटरीत ते फार नाही. उतरताना मोटर जनरेटर होऊन गाडीला ब्रेक लावते आणि त्यातलं बरंचसं परत मिळतं.

फक्त एक ध्यानात ठेवा, आणि हे महूकरांना जास्त लागू आहे. बॅटरी शंभर टक्के भरून लगेच घाट उतरायला लागलात तर परत येणारी वीज ठेवायला जागा नसते. मग मोटरचा ब्रेक कमी मिळतो आणि सगळा भार पॅडवर येतो. ज्याला ब्रेक न दाबता एका पेडलवर उतरायची सवय झालीये तो पहिल्या वळणावर दचकतो. घाटमाथ्यावर राहणाऱ्यानं ऐंशी-पंच्याऐंशीवर थांबावं. गाडीनंही उतरण लागण्याआधी "आज मोटरचा ब्रेक कमी मिळेल" असं ठळक सांगावं. हे फीचर मी रेंजच्या आधी मागेन.

मंडलेश्वर_शेती

हिशेबाबद्दल आभार, हे असं कुणी समजावलं नव्हतं.

मग माझी मागणी बदलतो. मला गाडीतून वीज बाहेर काढायचीय. आता बऱ्याच गाड्यांत ती सोय येते, पण तीन-सव्वातीन किलोवॉटची. दिवे, ड्रिल, फवारणीचा छोटा पंप चालतो. बोअरची मोटर नाही, कारण सुरू होताना ती काही पट करंट ओढते आणि गाडी पुरवठा तोडते. पाच-सात किलोवॉट द्या, सुरुवातीचा झटका सोसेल अशी सोय द्या, मी कॅमेरे न मागता गाडी घेतो.

आणि चार्जरबद्दल. गावात पंधरा अँपियरचं सॉकेट असतं, रात्रभरात तीसेक युनिट भरतात, पुरतं. पण अर्थिंग नीट नसलं तर चार्जर लाल दिवा लावून बसतो. माझ्या सासऱ्यांच्या घरी तीन वेळा असं झालं. शेवटी अर्थिंगचा खड्डा नव्यानं खणून कोळसा-मीठ घातलं, तेव्हा सुरू झाला. अर्थिंगशिवाय चालावं असं मी म्हणत नाही, जीवाशी खेळ आहे. पण नुसत्या लाल दिव्याऐवजी "अर्थिंग नाही, इलेक्ट्रिशियनला दाखवा" एवढं मराठीत किंवा हिंदीत लिहून आलं तर माणूस रात्रभर चार्जर उलटापालटा करत बसत नाही.

नदीकाठचा_वाटाड्या

मी सगळ्यांच्या विरोधात बोलणार आहे. पाण्यातून किती खोल जाते हा आकडा जाहिरातीत देऊच नये. थारचा 650 मिलीमीटर, हॅरियर ईव्हीचा 600, जी 580 चा 850. हे आकडे संथ पाण्याचे, सपाट तळाचे. चोरल, पातालपाणी, तिंछा या बाजूचं पाणी तसं नाही. जुलै 2011 मध्ये पातालपाणीला लोंढा आला आणि खडकावर उभं असलेलं कुटुंब डोळ्यांदेखत वाहून गेलं. ते गाडीत नव्हते, पण पाणी तेच आहे. बॅटरी सीलबंद आहे म्हणून गाडी वाहून जायची थांबत नाही. आकडा वाचून पोरं नाल्यात गाडी घालतात, मी दर पावसाळ्यात पाहतो.

नदीचं पात्र हा रस्ता नाही, हेही एकदा म्हणतो. इलेक्ट्रिक गाडी आवाज करत नाही, जंगलात हळू जाऊन मोर बघता येतो, हे तिचं खरं वैशिष्ट्य. ते सोडून तिला पाण्यात कशाला घालायचं?

चोरलकाठ

वाटाड्या दादा, पात्रात गाडी घालू नये हे शंभर टक्के मान्य, आमच्या मंडळीतही तोच नियम आहे. पण आकडा काढून टाकायला माझा विरोध. चोरलच्या बाजूला गावांत जायचे रस्तेच फरशीच्या पुलांवरून जातात, शाळेची व्हॅनही तिथूनच जाते. पाणी चाकाच्या अर्ध्यावर असताना थांबायचं की जायचं हे ठरवायला आकडा लागतो. आकड्याबरोबर "संथ पाण्यात" हे शब्द त्याच जाडीच्या अक्षरात छापावेत, इतकं जरूर व्हावं.

काकांच्या वजनाच्या मुद्द्यावर रात्रभर विचार केला. माझ्या गाडीच्या जागी जिम्नी असती तर त्या ट्रॅक्टरनं ती चाकं अडकलेली असतानाही ओढून काढली असती, हे खरं आहे. तरी पंधराशे किलोत इलेक्ट्रिक फोर बाय फोर आणि खालून बॅटरीला संरक्षण, हे दोन्ही जमेल असं वाटत नाही. जी 580 ला बॅटरीखाली 26 मिलीमीटर जाडीचं कवच द्यावं लागलं. आपल्या वाटेवर मुरमातून वर आलेला एक दगड पुरतो, आणि बॅटरीला खालून पोचा पडला तर दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस गाडी विकायला काढतो. कवचावर काटकसर नको.

महूचे_काका

कवच ठेवा, काचेचं छप्पर काढा. पुढच्या सीटच्या मोटरी काढा, मागचा टीव्ही काढा. स्टेपनी मात्र पूर्ण मापाची ठेवा. पंक्चर किटमधला तो फेस टायरची बाजू फाटली की काही कामाचा नाही, आणि आपल्या वाटांवर टायर बाजूनंच फाटतो.

रामबागची_मोठी

स्टेपनीला माझंही मत. पण काका, ती मागच्या दाराला लटकवलेली असेल तर मला एकटीला काढता येईल इतक्या उंचीवर असावी. मागच्या वेळी तीस किलोचं चाक छातीच्या उंचीवरून उतरवताना मनगट मुरगळलं.

पिथमपूर_दुसरीपाळी

चोरलकाठ दादा, एक करून पाहू. येत्या रविवारी सिमरोलच्या अलीकडे पक्क्या मैदानावर भेटू. मंडळीत तीन इलेक्ट्रिक गाड्या आहेत. सपाट जागेवर, चाकांना ओट (गाडी घरंगळू नये म्हणून ठोकळे) लावून, मॅन्युअलमधल्या क्रमानं 12 व्होल्ट काढायचं आणि पाहायचं की कुठली न्यूट्रलला जाते, कुठल्या गाडीत हँडब्रेक सोडवायची सोय आहे. ओढायचं कुठलीच नाही. मी मल्टिमीटर आणि केबल आणतो.

चोरलकाठ

सात वाजता. ओट मी आणतो, लाकडाचे चार आहेत. काका, तुम्ही याच.

महूचे_काका

येतो. जिप्सी घेऊन येतो, दोरही असू दे.