सी हॉकच्या शेपटीला भोक का नाही?

प्रश्न: मुलीला घेऊन गोव्यातलं दाबोळीचं नौदल हवाई संग्रहालय पाहिलं. तिथलं सी हॉक हे नौदलाचं जुनं लढाऊ विमान जेट आहे, मग शेपटीत धूर सोडायची नळी का नाही? तिने विचारलं, मला सांगता आलं नाही.

उत्तर १: ताई, मुलीची नजर चांगली आहे. मी सत्तरच्या दशकात दाबोळीला याच विमानांवर फिटर होतो. इंजिन एकच, रोल्स-रॉइस नीन. पण त्याची धुराची नळी पोटातच दुभंगते आणि पंखांच्या मुळाशी, मागच्या कडेला दोन्ही बाजूंनी बाहेर पडते. त्यामुळे मागचा भाग इंधनटाकीला मोकळा मिळाला. समुद्रावर परतताना ते इंधन किती मोलाचं, हे वैमानिकाला विचारा! हॉकर कंपनीचं मूळ विमान २ सप्टेंबर १९४७ला उडालं, ब्रिटिश नौदलात ते १९५३ला आलं. आपल्याकडे ही विमानं ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे होती, तिचं नाव व्हाइट टायगर्स.

उत्तर २: काका, ७१च्या युद्धात यांनीच बॉम्ब टाकले ना?

उत्तर १: हो. ही विमानं जिच्यावरून उडायची त्या विक्रांत या विमानवाहू नौकेच्या एका बॉयलरला तडे गेले होते, वेग कमी. तरी ४ डिसेंबरला सी हॉक उडाले आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर हल्ला केला. पुढे चितगाववरही. तेव्हा मी नौदलात नव्हतो, पण ती विमानं पुढे माझ्या हाताखालून गेली. दुमडलेल्या पंखांच्या बिजागरीला ग्रीस लावताना मला ते नेहमी आठवायचं. १९८३ला यांच्या जागी सी हॅरियर विमानं आली.

प्रश्नकर्ती: काका, तिला वाचून दाखवलं. आता तिला बिजागरी बघायला पुन्हा जायचंय.

उत्तर १: न्या तिला. पंखाच्या मुळाशी ते भोकही दाखवा.