मदत हवी आहे : अँग्विलाच्या ‘चीफ मिनिस्टर’ला मराठीत काय म्हणावे?

सप्रेम नमस्कार. कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या सुमारे ९१ चौरस किलोमीटरच्या ब्रिटिश बेटाचे नेते रोनाल्ड वेबस्टर (१९२६–२०१६) यांच्या कारकिर्दीवर मी एक टिपण लिहीत असून, शब्दयोजनेपाशी अडलो आहे.

सेंट किट्स या दुसऱ्या कॅरिबियन बेटाच्या अधिपत्याखाली राहण्यास नकार देऊन अँग्विलावासीयांनी मे १९६७ मध्ये तेथून आलेल्या पोलिसांना बेटाबाहेर काढले आणि जुलैमधील सार्वमतात १८१३ विरुद्ध ५ मतांनी फारकतीचा कौल दिला. (ते पाच मतदार कोण असावेत, याचे मला राहून राहून कुतूहल वाटते.) मार्च १९६९ मध्ये ब्रिटिश सैन्य उतरले; पण ज्या वेबस्टर यांचे बंड मोडायला ते आले, तेच १९७६ मध्ये ब्रिटनने अँग्विलाला दिलेल्या राज्यघटनेनुसार पहिले ‘चीफ मिनिस्टर’ झाले, १९७७ मध्ये अविश्वास ठरावाने पायउतार झाले आणि १९८० ते १९८४ या काळात पुन्हा त्या पदावर होते.

‘मुख्यमंत्री’ लिहिले की वाचकाच्या डोळ्यांसमोर आपले मंत्रालय उभे राहते. तेथे तर संरक्षण व परराष्ट्र व्यवहार लंडनहून नेमलेल्या गव्हर्नराकडे असतात. २०१९ पासून हे पद ‘प्रीमियर’ म्हणून ओळखले जाते, त्यामुळे गुंता वाढला आहे. दोन्हींसाठी एकच मराठी शब्द वापरावा, की मूळ पदनामे देवनागरीत तशीच ठेवावीत? तसेच अँग्विलाच्या ‘ओव्हरसीज टेरिटरी’ या दर्जासाठी ‘सागरपार प्रदेश’ योग्य वाटतो का? जाणकारांनी कृपया सकारण सुचवावे.