बेरोजगारी ३.२ टक्के: हा आकडा वऱ्हाडातल्या गावाला लावायचा का?

कोरडवाहू:
केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात, म्हणजे पीएलएफएसमध्ये, २०२३-२४ सालचा देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के आहे. २०१७-१८ मध्ये तो ६ होता. त्यावरून मजुरांचं बरं चाललंय असा निष्कर्ष काढला जातो. यवतमाळ-वाशिमच्या गावांसाठी हा दर बिनकामाचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

हा दर 'नेहमीच्या स्थिती'चा. वर्षात तीस दिवस काम मिळालं तरी माणूस रोजगारात धरला जातो. निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापूस वेचणी मिळून तेवढे दिवस सहज भरतात. फेब्रुवारीनंतर कोरडवाहू वावर रिकामं पडतं, ते यात कुठेच दिसत नाही. घरच्या शेतात बिनमजुरीने राबणारी सूनही रोजगारातच. त्याच सहा वर्षांत ग्रामीण महिलांचा श्रमबल सहभाग (काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांचं प्रमाण) २४.६ वरून ४७.६ टक्क्यांवर गेला, स्वयंरोजगाराचा वाटा ५२.२ वरून ५८.४ वर आणि शेतीत काम करणाऱ्यांचा ४४.१ वरून ४६.१ वर. दुसरं काम न मिळाल्याने माणसं शेतीत परतली, असंच मी हे वाचतो. गरिबाला बेकार बसणं परवडतच नाही.

सांख्यिकीवाला:
तुम्ही आकडा चुकीचा उचलला आणि दोष सर्वेक्षणाला दिला. त्याच पाहणीत चालू आठवड्याची स्थितीही असते. एप्रिल २०२५ पासून ती गावांसाठीही दरमहा काढतात. त्या महिन्याच्या पहिल्या पत्रकात देशाचा दर ५.१ टक्के होता. तिथे तीस दिवसांची सवलत नाही, मागचे सात दिवस विचारतात.

आणि सुनेला मोजलं यात गैर काय? तिच्याशिवाय ना निंदण होतं ना वेचणी, आणि तो कापूस बाजारात विकला जातो. ती 'घरकाम' या रकान्यात पडून राहायची, तेव्हा आकडे जास्त खोटे होते.

कोरडवाहू:
सात दिवसांत एक तास काम केलं तरी तो माणूस कामावर! आठवड्यात एक दिवस रोजी मिळालेला आणि सहा दिवस मिळालेला, दोघे एकाच रकान्यात. जुन्या पाहण्यांत अर्धा-अर्धा दिवस मोजून 'दैनिक स्थिती' छापायचे. २०११-१२ चे देशाचे आकडे बघा: नेहमीच्या स्थितीने २.२, आठवड्याच्या ३.७, दैनिक ५.६. लोक तेच, साल तेच. गावाला लागू पडणारा तिसरा होता, आणि पीएलएफएसच्या ठळक आकड्यांत तोच नाही. सुनेला मोजा, पण तिच्या हातात पैसा पडत नाही हेही त्याच ओळीत छापा.

धानपट्टा:
दोघांचंही अर्धं बरोबर. सातही दिवसांचे तास आणि रोजंदारीची रोजची कमाई प्रश्नावलीत असते. मूळ विदा (डेटा) उघडून दिवस मोजता येतात. मात्र मासिक दर वापरताना एका महिन्याची तुलना लगतच्या महिन्याशी करू नका. भंडारा-गोंदियात जुलै-ऑगस्टला रोवणी, नोव्हेंबरला कापणी. मे महिन्यात तेंदूपानाचे थोडे दिवस. हे आकडे हंगामानुसार सुधारलेले नसतात, म्हणून ऑगस्टची तुलना मागच्या ऑगस्टशीच करायची. शिवाय राज्याच्या सरासरीत मुंबई-पुणे येतं. आता नमुना जिल्हावार निवडतात, तरी एका जिल्ह्यातली घरं इतकी कमी की त्यांची पुन्हा स्त्री-पुरुष, शिक्षण अशी फोड केली की आकडा डोलायला लागतो. त्यात मोकळे हात कामासाठी बाहेरगावी राहायला गेले की गावाचा दर आपोआप खाली येतो.

सांख्यिकीवाला:
मग मजुरी बघा. केंद्राच्या श्रम ब्युरोचे ग्रामीण मजुरीदर दरमहा येतात. त्यांना शेतमजुरांच्या महागाई निर्देशांकाने भागा. खरी मजुरी दोन-तीन वर्षं हलत नसेल, तर मजुराला मागणी नाही हे कळतं.

कोरडवाहू:
ही कसोटी मला मान्य, पण वेचणीला ती जपून लावा. ब्युरोच्या वेचणीच्या वर्गात चहा, कापूस, तंबाखू एकत्र आहेत. इथे वेचणी किलोवर असते: पहिल्या वेच्याला बोंडं भरगच्च, फरदडीला (हंगाम संपल्यावरच्या वेच्याला) विरळ, म्हणून किलोचा दर चढला तरी दिवसाची रोजी घटू शकते. सोंगणी तर एकरी गुत्त्याने (ठेक्याने). पाऊस यायच्या भीतीने सगळ्यांना एकाच आठवड्यात टोळी हवी असते, दर उसळतो आणि पंधरा दिवसांत बसतो. त्यामुळे एका महिन्याचा दर न धरता ऑक्टोबर ते जानेवारीची एकूण कमाई आणि कामाचे दिवस, दोन्ही शेजारी मांडा.